दुभाषे मास्तर

नेवासे-राहुरीकडच्या आडगावातल्या देवळात (जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात) दोन-तीन वर्षांतून एकदा गोरा पाहुणा येतो. कधी ओहायोचे आजी-आजोबा, कधी पाठीवर पिशवी अडकवलेला जर्मन पोरगा. पाहुणे बदलतात. त्यांच्या डाव्या खांद्याशी उभे राहणारे दुभाषे मास्तर तेवढे बदलत नाहीत.

मास्तर झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण ते बोलायला समोर कुणी मिळालं नाही. त्यामुळे पाहुण्याची कुणकुण लागली की ट्रंकेतला कोट उन्हात पडतो. गाडी वेशीत यायच्या आधी देवळात डांबरगोळ्यांचा वास येतो, त्यावरून पोरं ओळखतात की पाहुणा पक्का.

हलगी, लेझीम, शाल, फेटा, नारळ इथवर सगळं सुरळीत होतं. गाडी अडते ती पायरीवर, कारण चपला-बूट बाहेर. पाहुण्याच्या बुटाला घोट्यापर्यंत नाडी. एका हातात नारळ, दुसरा हात भिंतीला, फेटा डोळ्यांवर, असा तो एका पायावर नाचतो आणि अख्खी मंडळी श्वास धरून बघते. मास्तर त्याला म्हणतात, “टेक युअर टाइम, सर,” आणि लगेच मागं वळून, “सरा रे मागं! बूट काय पळून चाललाय का?”

आत पेटी, तबला, टाळ. पाहुणा ऑर्गनच्या तयारीनं आलेला असतो आणि कानावर अभंगाची चाल पडते. तो भलत्याच मात्रेवर टाळ्या वाजवतो. मास्तर कानाशी लागतात, “साँग बाय टिळक. नॉट लोकमान्य. आवर टिळक. नारायण वामन.” पाहुण्याला दोन्ही टिळक सारखेच अनोळखी, तो दोघांनाही मान डोलावतो.

मग भाषण. पाहुणा म्हणतो, “आय ॲम व्हेरी हॅपी टू बी हिअर.” मास्तर घसा खाकरतात आणि १८१३ साली मुंबईला पोचलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सुरुवात करतात. १८३१ मध्ये मिशन नगरला येतं. (२०२४ पासून कागदावर अहिल्यानगर, मास्तरांच्या इतिहासात नगरच.) मग फॅरारबाईंची शाळा, तिथं शिकायला आलेल्या सावित्रीबाई फुले, १८४२ चं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक. पाहुणा हसरा चेहरा धरून उभा. मराठीत आनंदाला इतके शब्द लागतात की काय, असा त्याचा समज होत असावा.

एका पाहुण्यानं आपल्याकडच्या बर्फाची गोष्ट काढली. रात्रभर बर्फ पडतो, सकाळी फावड्यानं दार मोकळं करावं लागतं, मनाचंही तसंच. मास्तर क्षणभर थांबले. “साहेब म्हणतात, गारपिटीनं कांदा झोपला तरी माणसानं झोपू नये.” महिनाही झाला नव्हता गारपिटीला. पुढच्या सतरंजीवरच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. ते बघून पाहुण्याचाही आवाज भरून आला. आपल्या फावड्यात एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो पाणी प्यायला थांबला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, “साहेबांचं असंही म्हणणं आहे, की देवळाच्या पत्र्याची वर्गणी काहींकडून अजून आलेली नाही.” मागच्या रांगेत तीन माना खाली गेल्या. पाळकसाहेबांनी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक तोंडासमोर धरलं.

संदेष्ट्याला स्वतःच्या गावात मान नसतो, हे मास्तर रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले. उपायही त्यांनीच काढला: संदेष्टा बाहेरून आणायचा, शब्द आपले घालायचे. एरवी मास्तर बोलायला उठले की लोक तपकिरीची डबी शोधतात. तेच बोलणं गोऱ्याच्या शेजारी उभं राहून केलं की पत्र्याला पैसे निघतात.

जेवणाचं फार सांगत नाही. पाहुण्यासाठी वेगळं काढलेलं ‘बिनतिखट’ मटण खाऊन त्याचे कान लाल होतात आणि मास्तर त्याला “ओन्ली कलर, सर” म्हणतात.

गेल्या खेपेला एक अमेरिकन मुलगी आली होती. दोन मिनिटं इंग्रजीत बोलली, मास्तरांनी त्याची पंचवीस मिनिटं केली. पत्र्याची वर्गणी, विहिरीचा गाळ, बायकोशी न बोलणारा एक जावईसुद्धा त्यात येऊन गेला. ती शांतपणे ऐकत होती. निघताना पायरीवर बसून नाडी बांधता बांधता म्हणाली, “मास्तर, मी पुण्यात वर्षभर मराठी शिकले.”

मास्तर कोटाची बटणं चाचपत राहिले.

“पत्र्याचे माझे किती?” तिनं विचारलं.

“छे छे, तुम्ही पाहुण्या,” मास्तर म्हणाले. पण हात खिशात गेला होता. पावतीपुस्तक कोटातच होतं.