बारा तिकिटांत दोन जिल्हे : नवशिक्यांसाठी सोपी कृती

आपल्या भागाचं वैभव टपाल तिकिटावर झळकावं, असं नांदेड-लातूरकडच्या प्रत्येकाला वाटतं. ते घरबसल्या कसं साधावं, याची ही कृती. लागणारा वेळ : फोटो जमवायला एक तास, कोणता फोटो यावर एकमत व्हायला दोन पिढ्या.

साहित्य : फोटो, ओळखपत्र आणि 300 रुपये. टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत एवढ्यावर 12 तिकिटांचा ताव मिळतो. एका तिकिटाची किंमत 5 रुपये, म्हणजे बारांचे 60. उरलेले 240 कशाचे, असं विचारू नये. ते हौसेचे.

1. आधी पूर्वसुरी पाहा. हा मुलूख निजामाकडे असताना हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं. 1931 च्या मालिकेत एक आण्याला चारमिनार, आठ आण्यांना अजिंठ्याचं प्रवेशद्वार, बारा आण्यांना बिदरचा मदरसा आणि रुपयाला दौलताबादचा मिनार. नांदेड-लातूरच्या वाट्याला आलं त्यावर शिक्का मारण्याचं काम.

2. वाटणी सहा-सहा अशीच करा. मुख्यमंत्री दोन्ही जिल्ह्यांनी दोन-दोन दिले, तिथं हिशेब चुकता आहे. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद मात्र ठाऊक असेलच. सात-पाच केलंत तर ताव पोस्टाऐवजी कोर्टात जाईल.

3. नांदेडचा पहिला मान सचखंड हुजूर साहिबचा. गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण 1708 मध्ये इथंच झालं. पण त्यांच्या जन्मत्रिशताब्दीनिमित्त 1967 मध्ये निघालेल्या तिकिटावर गुरुद्वारा आला तो पाटण्याचा. जन्मगावापुढं कोण बोलणार? पुढं माहूरची रेणुकामाता, कंधारचा किल्ला, सहस्रकुंडचा धबधबा. माळेगावच्या यात्रेतून घोडा घ्यावा. गाढवांचा बाजारही मोठा भरतो, पण गाढवाच्या चित्राखाली कोणत्याच गावाचं नाव छापू नये.

4. लातूरसाठी गंजगोलाई. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात, तेव्हा फोटो कुठूनही काढा, इमारत कमी आणि हातगाडे जास्त येतात. मग उदगीर आणि औशाचे किल्ले, खरोशाची लेणी. पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यांनाही जागा द्या. ‘लातूर पॅटर्न’च्या नादी लागू नका, क्लासच्या पाट्या मावायला तावच्या ताव लागतील.

5. आता बारा फोटो घेऊन काउंटरवर जा. तिथं कळेल की एका तावावर फोटो एकच, तोच बारा वेळा. शिवाय तोही तिकिटाशेजारच्या कोऱ्या चौकटीत, नखाएवढा. वर मांडलेली सगळी वाटणी इथं रद्द समजावी.

6. घाबरू नका. एकच फोटो द्यायचा तर येळवशीचा द्या. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडवांची पूजा मांडतात, आंबिलाचं बिंदगं डोक्यावरून येतं. भज्जी, उंडे, गव्हाची खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीला बसवतात. गंजगोलाईत त्या दिवशी शुकशुकाट असतो. किल्ला नांदेडचा की लातूरचा हे सांगावं लागतं, कोप कुठली हे कोणी विचारत नाही.

फोटो काढताना कोप पूर्ण येऊ द्या, आमदार चौकटीबाहेर ठेवा.

सूचना : तिकीट अल्बमात दडवू नका. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोराला पाकिटावर लावून पाठवा, आत येळवशीला ये एवढंच लिहा. उलट टपालासाठी आपला पिनकोड नीट घाला : नांदेड 431601, लातूर 413512. पहिले तीन आकडे दोघांचे तेच आहेत, फक्त क्रमावरून मतभेद आहेत.