आहेराची वही

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा इंद्रमायू जिल्हा इतका सपाट आहे, की सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला तिथं उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. दक्षिणेला चेरेमाई नावाचा ३०७८ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे खरा, पण तोही दुसऱ्याच्या हद्दीत, आणि आम्ही गेलो तेव्हा धुरक्यात गडप. बाकी जिकडं बघावं तिकडं भाताची खाचरं. चिमानुक नदीचं पाणी रेन्तांगच्या बंधाऱ्यावरून डचांच्या काळापासून कालव्यांनी इकडं येतं, त्यामुळं सगळ्या इंडोनेशियात भात पिकवण्यात हा जिल्हा पहिल्या रांगेत.

मुलगा जकार्तात नोकरीला. त्याच्या ऑफिसच्या ड्रायव्हरच्या बहिणीचं लग्न होतं आणि आम्हा नवराबायकोला आग्रहाचं बोलावणं होतं. जातीबारांग स्टेशनापर्यंतच्या रेल्वेप्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली आणि आमच्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याची एवढी गैरसोय कुणी करू नये.

पुढं मोटारसायकली. इथं गावात चालत कुणी जात नाही. शाळेच्या गणवेशातली पोरं मोटारसायकलवर, भाजीवाला मोटारसायकलवर (दोन्ही बाजूंना लटकवलेली भाजी, तिच्यातच कुठंतरी मासळी), मशिदीत निघालेले आजोबा मोटारसायकलवर. पेट्रोल रस्त्याकडेच्या टपरीवर काचेच्या बाटल्यांतून मिळतं. त्या हिरव्या बाटल्या उन्हात ओळीनं मांडलेल्या पाहून बायकोनं खसचं सरबत किती रुपयांना, म्हणून विचारून घेतलं.

निवृत्तीनंतर मला सकाळी फिरायची सवय लागली आहे. डॉक्टरांनी लावलेली. पहिल्याच सकाळी बांधावरून निघालो, तर येणारी प्रत्येक मोटारसायकल शेजारी थांबायची. "पाक, कुठं निघालात?" पाक म्हणजे साहेब. कुठंच नाही, म्हटलं की चेहऱ्यावर काळजी. कुठंही जायचं नसताना माणूस पायी चालतो म्हणजे एकतर गाडी बिघडली, नाहीतर घरात भांडण झालं. एकानं तर मला जबरदस्तीनं मागं बसवून घरी आणून सोडलं आणि बायकोकडं बघून मुलाला काहीतरी हलक्या आवाजात सांगितलं. मुलानं ते आम्हाला सांगितलं नाही. मुलगा आमचा दुभाष्या होता, आणि दुभाष्याच्या हातात केवढी सत्ता असते ते पुढं कळलंच.

त्याच रस्त्यावर बदकांचा एक कळप आडवा आला. कापणी झालेल्या खाचरात सांडलेले दाणे आणि गोगलगायी खायला बदकं हाकत नेतात. पुढं शेकडो बदकं, मागं काठी घेतलेला एक माणूस. दोन्हीकडची वाहतूक थांबली, पण हॉर्न कुणी वाजवला नाही. या भागात बदकाला अग्रहक्क आहे.

गावाच्या तोंडाशी पाटी: पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत कळवावे. वीसतीस घरं मिळून एक एर-टे, म्हणजे शेजारसमिती, आणि तिचा प्रमुख म्हणजे पाक एर-टे. ही व्यवस्था जपान्यांनी १९४४ मध्ये, महायुद्धात जावा त्यांच्या ताब्यात असताना, जपानमधल्या नमुन्यावर बसवली. जपानी पुढच्याच वर्षी हरले, पाहुण्यांची वही मात्र अजून चालू आहे. आम्ही कळवायला गेलो, तर पाक एर-टेंना आम्ही कधी आलो, बायकोनं बॅगेत काय काय आणलं आणि रात्री मला खोकला झाला, हे सगळं आधीच माहीत होतं. तरीही त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि पासपोर्टवरून नावं उतरवून घेतली. माझी सगळी हयात लेखापरीक्षणात गेली. नीट आखलेलं रजिस्टर दिसलं की परक्या मुलखातही मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

घरं बघण्यासारखी. इंद्रमायूतल्या बायका तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, सौदीत घरकामाला जातात आणि पैसे गावी धाडतात. त्या पैशातून दर्शनी खांब, रंगीत काचा आणि घसरून पडावं इतक्या गुळगुळीत फरशा असलेली घरं उभी राहिली आहेत. आमचा यजमान बोट दाखवून सांगत होता: हे तैवानचं, ते सौदीचं, आणि ते अर्धवट राहिलंय ते, करार संपला. एका तैवानच्या घरात चहाला गेलो. बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. भिंतीवर मालकिणीचा भलामोठा फोटो, त्याखाली तिचा नवरा लेकराची वेणी घालत बसलेला. घराची माणसं मागच्या जुन्या स्वयंपाकघरातच राहतात. तिथं वारा येतो आणि फरशी पुसायला लागत नाही. रत्नागिरीच्या माहेरी चाकरमान्यांनी बांधलेली बंद घरं बघत वाढलेली माझी बायको तिथं बराच वेळ गप्प होती. मग यजमानांनी आंबे कापले. गदोंग गिंचू नावाची जात: लहान, गोल, देठाशी कुंकू लावल्यासारखी लाल. इंद्रमायूकर स्वतःला आंब्याचं गाव म्हणवतात. बायकोनं फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि "वाईट नाही" म्हणाली. रत्नागिरीच्या माणसानं हापूस सोडून दुसऱ्या आंब्याला दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र माझ्या ऐकिवात नाही.

संध्याकाळी अंगणातल्या बांबूच्या बाजेवर नवरीचे काका जमिनीचा विषय घेऊन बसले. माझी किती, हा पहिला प्रश्न. इकडं भातजमीन बाऊत मोजतात. एक बाऊ म्हणजे सुमारे सात हजार चौरस मीटर, आपले सत्तर गुंठे. माझे वडिलोपार्जित साडेतीन गुंठे म्हणजे बाऊचा विसावा भाग, त्यावरही चार भावांची नावं. मुलानं हिशेब सांगितला तेव्हा काकांनी न बोलता माझ्यापुढं शेंगदाण्यांची बशी सरकवली.

मग, गमतीनं का होईना, त्यांनी मला खाचर विकायला काढलं. ते जमणार नव्हतं. १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला फार तर वापरायचा हक्क. इतकंच कशाला, शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, असा नियम आहे, म्हणजे जकार्ताच्या शेठलाही ती घेता येत नाही. शेतकरी असल्याचा दाखला असल्याशिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, हे मी सांगितल्यावर काकांना फार बरं वाटलं. "आणि तरी शहरातले लोक घेतात ना?" त्यांनी विचारलं. घेतात, म्हटलं. "इथंही," काका म्हणाले आणि आम्ही दोन देशांचे नागरिक मनापासून हसलो.

त्यांच्या जमिनीची मोजणी होऊन सरकारी सर्टिफिकेट मिळालं आहे. २०१७ पासून सरकारनं गावंच्या गावं मोजून अशी सर्टिफिकेटं वाटली. त्याआधी सगळा आधार म्हणजे गावच्या कचेरीतली 'लेटर चे' नावाची जुनी वही. आणि कचेरीतल्या मंडळींचा मोबदला? त्यांना पदाबरोबर गावची जमीन कसायला मिळते, बेंगकोक म्हणतात तिला. पद गेलं की जमीन गेली. निवडणुकीत एवढी चुरस का असते, हे काकांनी समजावून सांगायची गरज पडली नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव रस्त्यावरच घातला होता. रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यावर. येणारी-जाणारी वाहनं शेजाऱ्याच्या परसातून, कोंबड्या चुकवत, वाळत घातलेल्या कपड्यांखालून जात होती, आणि शेजारी स्वतः उभा राहून दिशा दाखवत होता. मांडवात तारलिंग चालू होतं. गिटार आणि बासरीवरची ही गाणी याच भागातली. ध्वनिक्षेपक इतके मोठे की बासरीनं माझी कवळी हलली.

दाराशी टेबल, टेबलावर वही, वहीमागं नवरीची वहिनी. ही बाई सिंगापुरात काही वर्षं काम करून आलेली, इंग्रजी खणखणीत. कुणी पाकीट देई, कुणी टोपलीतून तांदूळ. ती तांदूळ तोलून घेई आणि नावापुढं किलो लिही. कारण इथं आहेर म्हणजे उसनवार. तांदळाची फेड तांदळानं, पैशाची पैशानं, आणि ती देणाऱ्याच्या घरच्या कार्यात. मी वही चाळायला मागितली. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ येणं-देणं एकाही कार्यालयात पाहिलं नाही. खाडाखोड नाही, पुढल्या पानावर बाकी ओढलेली.

बायकोनं पुण्याहून वाहून आणलेला स्टीलच्या डब्यांचा संच टेबलावर ठेवला. वहिनीनं लिहिलं: पाक इंडिया, डबे, पाच. मग पेन थांबलं. तिनं मुलाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"पाऊस कसा आहे तुमच्याकडं, विचारतेय," मुलगा म्हणाला.

वहिनीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि सरळ इंग्रजीत बायकोला विचारलं, "तुमच्या घरी लग्न कधी? फेडीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

बायकोनं आजवर हजार जणांना हाच प्रश्न मुलाला विचारायला लावला होता. पण लेखी नोंदीसाठी विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढली. मुलाचं वय, पगार, उंची सगळं टेबलावर आलं. रांग खोळंबली, पण रांगेतल्यांनाही त्यात रस होता. पाक एर-टेंनी कुठल्या महिन्यात भाताची कामं नसतात ते सांगितलं. कुणीतरी मुंबईच्या विमानाचं भाडं मोबाइलवर काढलं. काकांनी जाहीर केलं, की डब्यांचं ठीक आहे, पण ते स्वतः वेगळा आहेर म्हणून पन्नास किलोचं एक पोतं आणतील.

"आई, पुरे!" मुलगा म्हणाला. "विमानात तांदळाचं पोतं आणतात का कुणी?"

"ते त्यांचं ते बघतील," बायको म्हणाली. "तू एवढंच विचार, तांदूळ नवा की जुना?"