कच्च्या माशाच्या घरगुती भक्तांस

घरच्या घरी मासा कापून कच्चाच खाणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. इतका विश्वास आता उरलाय कुठे? हा गृहस्थ दूध दोनदा उकळतो, पाणी गाळून पितो, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवतो. तोच रविवारी ससून डॉकवरून बांगडा आणतो, व्हिडिओ बघत पातळ काप करतो आणि सोयाच्या वाटीत बुडवून तोंडात टाकतो. संशय कुठेतरी थांबायला हवा, हे त्याला उमगलं आहे.

त्याची पहिली निष्ठा लिंबावर. रस पिळला की मांस पांढरं पडतं, घट्ट होतं, शिजलेलं दिसतं. दिसलं म्हणजे झालं. समुद्री माशांत ॲनिसाकिस नावाच्या कृमीची दोनेक सेंटिमीटरची वेटोळी अळी असू शकते. ती लिंबाला दाद देत नाही, व्हिनेगरला नाही, वसाबीलाही नाही. पण तिची बाजूही समजून घ्या. तिला जायचं होतं देवमाशाच्या नाहीतर डॉल्फिनच्या पोटात, वाट चुकून ती आपल्याकडे आली. काही तासांत ती जठराच्या भिंतीत डोकं खुपसते, यजमान कळवळतो, आणि डॉक्टर दुर्बीण आत घालून चिमट्याने तिला बाहेर काढतात. पाहुण्याला निरोप द्यायला हल्ली एवढी तसदी कोण घेतो?

काहीजण मासा आधी फ्रीजरमध्ये ठेवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं, उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर टणक गोठवून १५ तास. घरचा फ्रीजर बहुधा उणे १८च्या आसपास, आणि मुलं आइस्क्रीमसाठी त्याचं दार दहादा उघडणार. दोन अंशांसाठी अडून बसणं कोत्या मनाचं लक्षण आहे. मासा रात्रभर आत राहिला, भावना पोहोचली. आणि पाकिटावर ‘सुशी ग्रेड’ असेल तर प्रश्नच मिटला. या शब्दांना अमेरिकेतल्या कायद्यातही व्याख्या नाही, म्हणजे विकणाऱ्याने ते निव्वळ आपुलकीने छापले आहेत.

ही नुसती शहरी हौस वाटत असेल, तर थायलंडच्या ईशान्येकडचा इसान भाग पाहावा. तिथे गोड्या पाण्यातले लहान मासे कच्चेच बारीक चिरतात, त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड घालतात आणि ‘कोई प्ला’ करतात. त्यातून एक चपटा कृमी पित्तनलिकांत शिरतो, वर्षानुवर्षं मुक्काम करतो, आणि पुढे काहींना तिथेच कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या कृमीला कर्करोगकारक ठरवलं. खोन केनचे शल्यविशारद नारोंग खुंतिकेओ यांचे आई आणि वडील दोघंही याच रोगाने गेले. ते आता सांगत फिरतात, मासा शिजवून खा. उपाय इतका फुकटचा आहे की त्याला मान कसा मिळावा? प्राझिक्वांटेलची गोळी घेतली की कृमी मरतो, आणि कोई प्लासाठी जागा मोकळी होते.

आपल्या कोकणातल्या आज्यांनी मात्र या बाबतीत घोर निराशा केली. तिरफळं, आमसुलं, खोबऱ्याचं वाटण घालून त्या बांगडा रटरटवत राहिल्या. तेवढी श्रद्धाच त्यांच्यात नव्हती. आमचा गृहस्थ तसा नाही. तो पहिला काप स्वतः घेत नाही, पाहुण्यांच्या ताटात वाढतो. त्यांच्यातल्या गरोदर सुनेने हात आखडता घेतला, तर म्हणतो, ‘‘अगं घे, लिंबू पिळलंय.’’