अक्कलहुशारीने

मृत्युपत्राच्या मसुद्यात 'मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने' हे शब्द आले, तेव्हा चष्मा पुसत ही म्हणाली, "राजीखुशीचं मी सांगते. अक्कलहुशारीला डॉक्टरांचा दाखला लागेल." दाखल्याची सक्ती नाही, पण सत्तरीच्या माणसानं जोडलेला बरा, असं वकीलही म्हणाले होते. ते मी घरी बोललो नव्हतो.

एरवी मृत्युपत्राइतकं स्वस्त कायदेशीर काम दुसरं नसेल. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीसुद्धा ऐच्छिक. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. डोंबिवलीचा फ्लॅट हिला, हिच्यामागे मुलामुलीला निम्मा निम्मा, ठेवी तशाच. दहा मिनिटांत उरकलं. मग मला उमाळा आला, की एवढी वर्षं चार लोकांच्या जिवावर जगलो, एक कलम त्यांच्यासाठीही असावं. त्या एका कलमानं आठ महिने घेतले.

आमच्या आजीचं बरं होतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "माझ्या पाटल्या धर्माला द्या." सगळ्यांना अर्थ कळला, सगळ्यांचे डोळे भरून आले आणि पाटल्या मोठ्या काकूंच्या हातात गेल्या. मीही आजीचाच कित्ता गिरवून 'एक लाख रुपये धर्मासाठी' असं लिहिलं, तर वकिलांनी त्यावर काट मारली. म्हणाले, "धर्म ही संदिग्ध बाब आहे." मी जरा तापलोच. पण 1899 साली कोर्टानंही तसंच ठरवलं होतं म्हणे. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई हा मुंबईचा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. मृत्युपत्रात मालमत्ता 'धरम'साठी ठेवलेली. न्यायमूर्तींनी कोश पाहिला, तर धर्म म्हणजे कायदा, सद्गुण, कर्तव्य, सगळंच. एवढ्या पसाऱ्यावर कोर्टानं देखरेख कशी ठेवायची? दान रद्द. धर्म म्हणजे नेमकं काय, यावर आपल्याकडे भीष्मानं शरपंजरी पडून केवढं तरी सांगितलं. विलायतेत एका निकालात मिटलं.

ख्रिस्ती दात्यांची अडचण याहून न्यारी होती. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात 118 वं कलम होतं. ज्याला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी आहे, त्यानं धर्मादायाला काही ठेवायचं, तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं. म्हणजे दान लिहून वर्षभर तग धरायची जबाबदारी दात्याची. केरळातल्या एका धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये ते कलम काढून टाकलं. काकानं दान केलं तर पुतण्याचं काय होईल, याची एवढी काळजी! शनिवारवाड्यातल्या पुतण्याला कुणी याच्या निम्मी केली असती तरी पुष्कळ होतं.

तर धर्म गेला, संस्था आली. संस्थेचं पूर्ण नाव हवं, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक हवा आणि संस्था माझ्याआधी गेली तर पैसे कुणाला, तेही हवं. पुस्तकांसाठी एका वाचनालयात विचारलं. तिथल्या बाईंनी यादी पाहिली आणि अतिशय मायेनं म्हणाल्या, "काका, आमच्याकडेच कपाटं भरलीत. तुम्हाला काही हवी असतील तर सांगा." चार घेऊन आलो.

डोळे द्यायचं मात्र पक्कं होतं. कलम दिमाखात लिहिलं आणि वाचून वकील हसत सुटले. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. आपल्याकडे मृत्युपत्राची फाईल तेराव्याचं जेवण झाल्यावर उघडतात. शिवाय शरीर ही काही मिळकत नव्हे. तेव्हा हजर असलेल्या नातलगांनीच फोन करायचा असतो. म्हणून ते कलम आता फ्रिजवर, दूधवाल्याच्या नंबरखाली चिकटवलं आहे.

या सगळ्यात धीर दिला तो आल्फ्रेड नोबेलनं. 27 नोव्हेंबर 1895 ला त्यानं पॅरिसमध्ये आपलं शेवटचं मृत्युपत्र केलं, तेही वकिलाला न विचारता. तीन कोटींहून जास्त स्वीडिश क्रोनर ज्या निधीला द्यायचे, तो निधी अजून जन्मालाच आला नव्हता. नातेवाईक खवळले. अंमलबजावणी पडली रागनार सोलमान या 26 वर्षांच्या मदतनिसाच्या गळ्यात. पॅरिसमधले रोखे हलवताना हा बिचारा हातात पिस्तूल घेऊन घोडागाडीतून हिंडत होता. पहिली पारितोषिकं निघाली 1901 मध्ये. मी माझ्या भाच्याला व्यवस्थापक नेमलं आहे. त्याच्याकडे स्कूटर आहे.

शेवटी आमच्या गावच्या शाळेचं नाव ठरलं, एक लाख. हिला वाचून दाखवलं. अंमळ घसा दाटला होता. ही शेंगा सोलत होती. म्हणाली, "छान आहे. पण हे तुम्ही कुठं देताय? हे मुलं देणार. तुम्ही नुसते लिहिताय." मी म्हटलं, लोक असंच करतात. "मागच्या महिन्यात शाळेची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली होती, तेव्हा तुम्ही झोपला आहात असं मला सांगायला लावलंत."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शेंगा संपल्यावर तिनं चेकबुक आणून ठेवलं. निम्मे आता, निम्मे मागाहून. सही करताना हात किंचित थरथरला. मृत्युपत्रावर सही करताना तो अगदी स्थिर होता, हे साक्षीदारही सांगतील.

पंधरा दिवसांनी पावती आली. कलम 80 जी, शिक्का, सगळं चोख. फक्त माझं नाव चुकलेलं. शाळेत फोन केला. तिकडचे सर फार भले. म्हणाले, "राहू द्या हो काका, पुढच्या वेळी नीट लिहू."

पुढची वेळ कधी, ते मी त्यांना सांगितलं नाही.