क्रीक व्ह्यू, आंध्रची कोळंबी

नवी मुंबईतल्या उलव्यात फ्लॅट बघायला गेलात की एजंट आधी बाल्कनीत नेतो. समोर खाडी, पलीकडे अटल सेतू, डोक्यावर आता विमानंही. 'क्रीक व्ह्यू'चे पैसे वेगळे. ते आपण मुकाट मोजतो. मग रविवारी मोबाइलवरून 'फ्रेश प्रॉन्स' मागवतो आणि बहुतेकदा पाकिटातून निघते आंध्रच्या तळ्यातली वानामी जातीची कोळंबी. खाडी बघायला, कोळंबी ट्रकने.

वानामी मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची. २००९ मध्ये आपण तिला तळ्यात वाढवायची परवानगी दिली. चवीला वाईट नाही, पिकवणाऱ्याशी माझं वैरही नाही. फक्त ती इथली म्हणून खपवू नका. ओळखायला सोपी आहे : सगळ्या एका मापाच्या, जणू शाळेच्या रांगेत उभ्या. खाडीच्या वाट्यात असली शिस्त नसते. दोन-चार टपोऱ्या, बाकी करंदी, मिशांना चिखल आणि मधेच वळवळणारं चिंबोरीचं पिल्लू.

हा वाटा पुढ्यात घेऊन बसलेली कोळीण म्हणते, "सकालचीच हाय, बाय." आपण म्हणतो, "मावशी, ऑनलाइन स्वस्त मिळते," आणि पन्नास रुपये पाडतो. बिल्डरकडे ही जीभ कुठे जाते?

त्या पन्नासात काय काय असतं? भरती-ओहोटी घड्याळ बघून येत नाही, म्हणून रात्री दोनला उठणं. पागाचं जाळं टाकणं, बोकशीचं लावणं, ते वेळेत उपसणं. घरी आल्यावर बाईने आलेलं म्हावरं निवडणं, बर्फ घालणं, रिक्षाचं भाडं काढणं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात, तेव्हा ताजं म्हावरं मिळतं ते खाडीतल्या बिनइंजिनाच्या होडीवाल्यांकडून.

आणि कोळंबीचंही एक गणित आहे. ती अंडी घालते समुद्रात, पण तिची पिल्लं वाढतात खाडीत, खारफुटीच्या मुळांशी. तिथे भराव पडला की पाळणाघर बंद. इथे भरावाला कधी तोटा पडला नाही. बंदर झालं, सेतू झाला, विमानतळासाठी तर उलवे नदीचा प्रवाहच वळवला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने गव्हाण, बेलपाडा, हनुमान कोळीवाडा आणि उरण कोळीवाड्यातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना मासेमारी बुडाल्याची भरपाई म्हणून ९५.१९ कोटी द्या, असा आदेश दिला. देणारे जेएनपीटी बंदर, सिडको, ओएनजीसी. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेवढ्या रकमेत उलव्यात आज फ्लॅटचं न्हाणीघर तरी येतं का, त्याच एजंटला विचारा.

कोळंबी कुठली हे सांगायच्या बाबतीत गंमत अमेरिकेची. तिथे लुइझियाना राज्यात मच्छीमारांनी ओरड केली आणि २०२५ पासून हॉटेलवाल्याला मेन्यूकार्डवर लिहावं लागतं : कोळंबी परदेशी आहे. अमेरिकेला सर्वाधिक कोळंबी पाठवत आलो आपणच. म्हणजे त्या पाटीत मोठा वाटा आपल्याच मालाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ५० टक्के शुल्क लादलं, तेव्हा आंध्रात हाक उठली, देशातच कोळंबी खा! तळ्यातल्या कोळंबीला निदान मुख्यमंत्र्यांचा आवाज आहे. खाडीतल्या कोळंबीला फक्त मावशीचा, तोही ट्रॅफिकमध्ये ऐकू येत नाही.

आपलं मेन्यूकार्ड याबाबत मुकं आहे, तेव्हा तोंड आपणच उघडायचं. हॉटेलात, बाजारात, ॲपवाल्यालासुद्धा एकच प्रश्न विचारा : खाडीची की तळ्याची? खाडीची निघाली तर सांगितला भाव द्या. सोलायचा कंटाळा असेल तर मावशीलाच सांगा, ती साफ करून देईल. त्याचे पैसे वेगळे द्या, क्रीक व्ह्यूचे दिलेत तसे.