सुनेच्या शिंका आणि श्वानाचे कुळ

नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी तीनही ज्ञानपीठे असली, तरी घरात कोणते कुत्रे आणावे याचा निकाल मोबाईलवरील चित्रफितीच लावतात. आणि कुत्रे जवळ येताच सुनेला शिंका येतात, डोळे लाल होतात, असे दिसले तर कुत्र्याचा बेत रद्द होत नाही, केवळ त्याचे कुळ बदलले जाते. 'कुरळ्या केसांचे घ्या, ते झडत नाहीत' हा तोडगा अशा वेळी सर्वमान्य ठरतो.

माशी शिंकते ती इथेच. ॲलर्जी, म्हणजे निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने घातलेला धुमाकूळ, केसांमुळे होत नसून कुत्र्याच्या लाळेतील व कोंड्यातील प्रथिनांमुळे होते. त्यांतील प्रमुख प्रथिनाला 'कॅन एफ १' म्हणतात. लाळ आणि कातडी नसलेली जात अद्याप कोणत्याही पैदासकाराला साधलेली नाही, ही त्या व्यवसायाची उणीवच म्हणावी लागेल. प्रयत्न मात्र झाले आहेत. हवाईतील एका अंध स्त्रीच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी असल्यामुळे ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी १९८९ च्या सुमारास लॅब्रॅडॉर व पूडल यांचा संकर केला, पिल्लांचे केस व लाळ तपासणीला पाठवली, आणि तिघांपैकी एकच पिल्लू त्या गृहस्थांना सोसले. जगाने ते एक लक्षात ठेवले व उरलेली दोन विसरली. पुढे या संकराचे जे पेव फुटले, त्याचा पश्चात्ताप खुद्द कॉनरन यांनी बोलून दाखवला. नेदरलँड्समधील संशोधकांना तर २०१२ साली तथाकथित ॲलर्जीमुक्त जातींच्या केसांत हे प्रथिन कमी नव्हे, अधिकच आढळले.

नांदेडच्या उन्हाळ्यात केसाळ पाहुण्यासाठी एसी लावून खिडक्या बंद केल्या जातात, तेव्हा प्रथिनाचे सूक्ष्म कण बाहेर न जाता खोलीतच तरंगत राहतात आणि सुनेची सोय अधिक शास्त्रशुद्धपणे होते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत, जिथे कुत्र्याला मान देणाऱ्या खंडोबाच्या साक्षीने श्वानप्रदर्शनही भरते, तिथला आखूड केसांचा, सडपातळ कारवानी कुत्रा हे ऊन सहज सोसतो. त्याच्याही तोंडाला लाळ असतेच, परंतु त्याला ओसरीवर बांधता येते. कॉलनीत मात्र ओसरी उरलेली नाही, आणि कारवान्याला प्रतिष्ठा तर नाहीच.

कुळापेक्षा ॲलर्जीची चाचणी विश्वासार्ह असते. हातावर त्या प्रथिनांच्या अर्काचा थेंब टाकून बारीक सुईने टोचतात व सुमारे पंधरा मिनिटांनी गांधी उठते का ते पाहतात. काही रुग्णांना केवळ 'कॅन एफ ५' बाधते, जे नराच्या प्रोस्टेट ग्रंथीतच तयार होते. म्हणजे त्यांना मादी चालण्याची शक्यता असते. हा निष्कर्ष ऐकल्यावर 'मादी नको, पिल्लांची कटकट' असे घरातील वडीलधारे एकमुखाने सांगतात, नराची आगाऊ रक्कम भरली जाते आणि सुनेची खाट गॅलरीत हलते.