जागचा दगड

आमच्या इमारतीतल्या आप्पांना कुठलाही दगड दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला : "जागचा आहे का?" जागचा म्हणजे मूळ कातळापासून न सुटलेला. घरंगळत आलेल्या दगडाचं तोंड पूर्वी कुठे होतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आणि आप्पांची उभी हयात त्या तोंडाच्याच शोधात गेली.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो वाहताना त्यातले मॅग्नेटाइटचे लांबट कण, ओढ्यातल्या काटक्यांसारखे, बहुधा प्रवाहाच्या दिशेने पडले आणि तसेच थिजले. असा दगड मोजणीच्या यंत्रात फिरवून पाहिला, की एका दिशेला तो चुंबकाला किंचित जास्त दाद देतो. किंचित म्हणजे शंभरात दोन-चार भाग, अनेकदा तेवढंही नाही. एवढ्याशा फरकासाठी आप्पा ऐन उन्हात डोंगर चढतात.

एकदा मीही गेलो. पिठलं-भाकरीच्या आशेने. आप्पांनी पेट्रोलवरचं ड्रिल काढलं आणि पाण्याचा पंप माझ्या हातात दिला. पंचवीस मिलिमीटर जाडीची दगडाची कांडी कापायची होती. घरघर ऐकून एक शेतकरी आला.

"लागलं का पाणी, साहेब?"

"पाणी नाही, लाव्हा बघतोय."

"त्यो किती फुटावं लागतो?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

त्याने झटकन पाय उचलला.

कांडी सोडवण्याआधी तिची दिशा नोंदवावी लागते. पण कातळच चुंबकीय, त्यामुळे होकायंत्राची सुई भरकटते. म्हणून आप्पा सूर्याची सावली धरतात, घड्याळ बघतात आणि अक्षांश-रेखांशावरून उत्तर काढतात. नेमका तेव्हा ढग आला. जूनचा पहिला आठवडा; अख्खा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसलेला, आणि आप्पा एकटेच त्या ढगाला शिव्या घालत होते. शेतकऱ्याने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

चार महिन्यांनी निकाल आला. "उत्तर-दक्षिण," आप्पा म्हणाले.

"म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे?"

"रेघ मिळाली. बाण नाही."

बाणासाठी थराच्या अगदी तळाचे नमुने लागतात. तिथे कण कौलांसारखे एकावर एक कललेले असतात आणि त्या कलावरून लाव्हा कुठून आला ते कळतं. म्हणजे पुन्हा डोंगर, पुन्हा पंप. शिवाय कधीकधी कणांची लांब बाजू प्रवाहाला आडवीच पडते, हेही त्यांनी सांगितलं. लॉटरी लागल्याच्या आनंदात सांगितलं.

काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हाही हेच. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणे."

माणूस बिनकामाचा वाटेल, पण अर्धवट पुराव्यावर छातीठोक बोलणारे आमच्या इमारतीत बाकी सगळेच आहेत.

पंप धरल्याचं बक्षीस म्हणून मला एक कांडी मिळाली. वर शाईचा बाण. परवा आप्पा आले, कांडी बघितली आणि चहा तसाच ठेवून उठले. पुसताना कुणीतरी ती फिरवून ठेवली होती. आता तिला टेबलावर खडूने चौकट आखून दिली आहे. तिथे कृपा करून कुणी फडका मारू नये.